पाड्यावरची माणसं ग्रामसभेला यावीत म्हणून काय करावं?

कोल्हापूरचा_ग्रामसेवक: मी मूळचा राधानगरीचा, सध्या पोस्टिंग नंदुरबारला धडगाव तालुक्यात. ग्रामसभा पंचायतीच्या ऑफिसात होते आणि पाडे लांब डोंगरात, मजुरी बुडवून कोण येणार? चार ठराविक माणसंच बोलतात, बायका दारातच उभ्या. लई जीवाला लागतंय. काय करू?

शाहूवाडीकर: भावा, तू पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) हाईस ना, मग राज्याचे २०१४ चे नियम वाच. प्रत्येक पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून स्वतःची ग्रामसभा घेता येते, पाड्यानं ठराव करून प्रांत ऑफिसला द्यायचा. आपल्याकडं धनगरवाड्यांना ही सोय न्हाई, कारण कोल्हापूर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येत नाही. तुझ्याकडं कायदा हाय तर वापर की.

गंगावेस_ताई: मुख्य सभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते, कायद्यातच आहे, पण ती कागदावर उरकू नका. पाड्यावर संध्याकाळी घ्या, स्वयंपाकाच्या आधी नको. आणि पावरी बोलीत बोला, येत नसेल तर अंगणवाडीताईंना सोबत घ्या. आपलं सरकारी मराठी त्यांना परकंच वाटतं हो.

शाहूवाडीकर: ताईंचं बरोबर. गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव बघ, २००९ ला सामूहिक वनहक्क (जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क) मिळाला, तिथं बहुमतानं न्हाई तर सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय होतो. वेळ लागतो, पण कोण मागं राहत न्हाई.

कोल्हापूरचा_ग्रामसेवक: पुढची सभा पाड्यावरच लावतो. पेसाच्या ५ टक्के निधीचा (आदिवासी उपयोजनेतून पंचायतीला मिळणाऱ्या पैशाचा) हिशोबपण तिथंच वाचून दाखवणार.