मासेमारीच्या रिपोर्टची साइट बनवली, पण रिपोर्टच कोणी टाकेना

गळबहाद्दर
मंडळी नमस्कार. गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचा आमचा चाळीसेक जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोण कधी गेला, काय लागलं, आमिष कुठलं लावलं, सगळं तिथे येतं पण दोन दिवसांत गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं आणि मागच्या वर्षी याच महिन्यात काय लागत होतं ते बघायचं म्हटलं तर अर्धा तास अंगठा झिजवत वर जायचं. म्हणून साइट बनवली. साइट जँगोत, डेटाबेस पोस्टग्रेस, नकाशाला लीफलेट. फॉर्ममध्ये १७ रकाने, नकाशावर पिन टाकायची, फोटो चढवायचा, वजन, आमिष, दोरीची जाडी, वारा, पाण्याचा रंग, काही म्हणून सोडलं नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि दोन महिन्यांत रिपोर्ट आले नऊ, त्यातले सहा माझेच 😅 लोक अजून ग्रुपवरच टाकतायत. चुकतंय कुठे?

रिकामी_टोपली
अरे पिन!! गळवाला सख्ख्या भावाला जागा सांगत नाही आणि तू त्याला नकाशावर खूण करायला लावतोयस.

माझीच गोष्ट सांगतो. एका ग्रुपवर मोठ्या माशाचा फोटो टाकला होता, जागेचं नाव नाही, मागे नुसतं पाणी आणि आभाळ. एक जण म्हणाला मूळ फाइल पाठव, वॉलपेपर करतो, मी भोळेपणाने डॉक्युमेंट म्हणून पाठवली. पुढच्या रविवारी पहाटे जाऊन बघतो तर माझ्या दगडावर तिघं बसलेले. फोटोच्या आत फोनने अक्षांश-रेखांश लिहून ठेवलेले असतात हे तेव्हा कळलं. तुझी साइट चढवलेले फोटो जसेच्या तसे ठेवते का? तसं असेल तर पिन काढूनही काही उपयोग नाही.

नकाशावेडा
टोपलीभाऊ बरोबर बोलतायत. फोटोतली ती माहिती म्हणजे एक्झिफ, ती सर्व्हरवर आल्या आल्या पुसायची. फोटो हाताळायला इमेजमॅजिक वापरत असशील तर स्ट्रिप केलं की जाते, फक्त त्याच्या आधी ऑटो-ओरिएंट कर, कारण फोटो उभा की आडवा हेही एक्झिफमध्येच असतं आणि ते पुसलं की सगळे मासे आडवे पडलेले दिसतात (मी एकदा शेकडो फोटो असे झोपवलेत).

जागेचं म्हणशील तर लोक पहिल्यांदा काय करतात, पिन थोडी इकडेतिकडे सरकवून दाखवतात. ते फसवं आहे. त्याच जागेचे दहा-वीस रिपोर्ट आले आणि प्रत्येक वेळी पिन वेगळी सरकवली असेल तर कोणीही सरासरी काढेल आणि बरोब्बर मधोमध पोचेल. त्यापेक्षा चौकटी पाड, पिन ज्या चौकटीत पडेल ती अख्खी चौकट रंगव. अक्षांशात ०.०१ अंश म्हणजे साधारण १.१ किलोमीटर, ०.१ म्हणजे ११. प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट साइटवर धोक्यातल्या प्रजातींची जागा लपवायला ०.२ अंशाची चौकट वापरतात. आणि जागा चौकटीपुरती करायची ती डेटाबेसमध्ये लिहितानाच, नुसती दाखवताना नाही. जे साठवलंच नाही ते फुटणार कुठून?

गळबहाद्दर
एक्झिफचं डोक्यातच नव्हतं 🤦 पण ११ किलोमीटरची चौकट म्हणजे नकाशात राहिलं काय? रिपोर्ट वाचून लोकांना मिळणार काय?

भांग_उधाण
जागा सोडून बाकी सगळं मिळतं की. कधी जायचं ते मिळतं, आणि मला विचारशील तर खरी माहिती तीच.

१७ रकाने बघून मीही पळालो असतो. हात चिकट, फोनवर खवले, त्यात दोरीची जाडी कोण भरणार? माणसाला पाचच गोष्टी विचार. तारीख, किती वाजता बसलास, किती तास, किती गळ, काय लागलं. पाहिजे तर लांबी, वजन नको, वजन प्रत्येकाचं दर सांगण्याला वाढतं, लांबी निदान पट्टीवर ठेवलेल्या फोटोत दिसते. हवेचा दाब, वारा, तापमान हे तारीख आणि चौकटीवरून ओपन-मेटिओ या हवामानाच्या सेवेकडून आपोआप घे, बिनव्यावसायिक वापराला फुकट आहे आणि मागच्या तारखांचंही देतं. चंद्राची कला तर साधं गणित, २९.५३ दिवसांचं चक्र. खाडी-समुद्रावर बसणाऱ्याला अमावस्या-पौर्णिमेचं उधाण की अष्टमीचा भांग (भरती-ओहोटीचा जोर कमी) एवढं कळलं तरी पुष्कळ. भरतीची नेमकी वेळ मात्र चंद्रावरून काढत बसू नकोस, दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं हे खरं, पण किनाऱ्याच्या आकाराने शेजारच्या दोन खाड्यांतही फरक पडतो, त्याला तक्ताच लागतो.

आता मुख्य मुद्दा. रिकाम्या हाताने आलेल्याचा रिपोर्ट घे! तुझ्या नऊपैकी शून्यवाले किती? एकही नसणार. मग साइट बघून वाटणार की रोजच मासे लागतात. चार तास, दोन गळ, शून्य मासे, हा रिपोर्ट आला तर आठ गळ-तासांमागे किती लागले हे काढता येतं आणि महिन्याची महिन्याशी तुलना होते. मत्स्यशास्त्रवालेही पकड नेहमी कष्टाच्या मापाने भागतात. त्यासाठी एक मोठं बटण ठेव, "काही नाही लागलं", एका बोटात काम झालं पाहिजे.

नकाशावेडा
+१. आणि माशाचं नाव मोकळं लिहू देऊ नकोस, यादीतून निवडू दे. जिताडा, बारामुंडी, एशियन सी-बास तिन्ही एकच, लेट्स कॅल्कॅरिफर. आत शास्त्रीय नाव एकच ठेव आणि त्याला हवी तेवढी बोलीतली नावं जोड, नाहीतर एकाच माशाचे तीन तक्ते होतील. अजून एक, पाण्यावर रेंज नसते, तेव्हा रिपोर्ट फोनमध्येच साठवून घरी आल्यावर आपोआप गेला पाहिजे.

गळबहाद्दर
बरं, आज रात्री बसतो. रकाने पाच, पिन बंद, बटण मोठं. पहिला शून्यवाला रिपोर्ट माझाच, कालचा, साडेतीन तास आणि एक गळ.

रिकामी_टोपली
ते रात्री कर. आधी तुझ्या त्या सहा रिपोर्टचे फोटो साइटवरून काढून टाक, शेवटचा मी आत्ताच डाउनलोड करून पाहिला. जागा झकास आहे, रविवारी भेटू 😁