मदत हवी आहे: आयस्नोबल या बर्फाच्या मॉडेलचा डेटा जिओसर्व्हरवर चढतो, पण नकाशात एकच तारीख दिसते

मंडळी, जीआयएसवाले (संगणकावर नकाशांचं काम करणारे) कोणी आहे का इथे? जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर पुढे दहा प्रश्न येणार म्हणून सगळंच लिहितो.

मी कॅलिफोर्नियात असतो, सिएरा नेवाडातल्या टुऑलमी खोऱ्यातल्या बर्फावर काम करतोय, हेच हेची धरणातून सॅन फ्रान्सिस्कोला जे पाणी जातं ते इथलंच. मॉडेल आहे आयस्नोबल, म्हणजे ऊन, वारा, तापमान, दमटपणा, पाऊस-बर्फ सगळं तासातासाला द्यायचं आणि ५० मीटरच्या प्रत्येक चौकोनात किती बर्फ उरला, किती वितळला ते ऊर्जेच्या हिशोबाने निघतं. दर दिवसाचा एक फोल्डर तयार होतो, रन२०१९०४०१ असा, आणि आत स्नो.एनसी आणि ईएम.एनसी या नेटसीडीएफ (हवामान वगैरेच्या आकड्यांच्या जाळीचा फॉरमॅट) फाइली. मला त्यातलं फक्त स्पेसिफिक मास, म्हणजे दर चौरस मीटरवरच्या बर्फाचं वजन, नकाशावर हवंय. ते किलो प्रति चौरस मीटर असतं म्हणजे थेट तितके मिलिमीटर पाणी, आणि धरणवाल्यांना तेवढ्यातच रस असतो, बर्फाची जाडी त्यांना सांगून काही उपयोग नाही.

डेटा चढवायला ग्रुपमधलंच एक पायथनचं छोटं कमांड लाइन टूल आहे. फोल्डर, वर्कस्पेस आणि लेयरचं नाव दिलं की ते व्हेरिएबल वेगळं काढून झिप करतं आणि जिओसर्व्हरच्या (नकाशे वेबवर दाखवणारं सॉफ्टवेअर) रेस्ट एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने बोलायच्या वेब पत्त्याला, पुट करतं. सर्व्हर दरवेळी २०१ (म्हणजे 'तयार झालं') देतो, एरर नाही, लॉगमध्येही काही नाही. तरी लेयर उघडला की शेवटी चढवलेली तारीखच दिसते, आधीच्या गायब! कॅपॅबिलिटीजमध्ये (सर्व्हरवर कोणते लेयर आहेत त्याची यादी) टाइमचा उल्लेखच नाही त्यामुळे वेबपेजवरचा स्लायडर पण मेला.

प्रोजेक्शनचा घोळ आधीच निस्तरलाय. फाइलमध्ये सीआरएस (आकडे कुठल्या नकाशा-पद्धतीतले ते) नव्हतं, एक्सचे आकडे पावणेतीन लाखाच्या आसपास, सर्व्हर ते अंश समजायचा आणि लेयर कुठेच दिसायचा नाही. आता ईपीएसजी ३२६११ (या भागाच्या मीटरमधल्या पद्धतीचा क्रमांक) लावून देतोय, जागेवर बसतो. टाइल कॅश (सर्व्हरने साठवलेले जुने नकाशाचे तुकडे) पण साफ करून झाली.

आता काय करू, रोजचा वेगळा लेयर? वॉटर इयर (पाण्याच्या हिशोबाचं वर्ष) १ ऑक्टोबरला सुरू होतं, जुलैपर्यंत तीनशे लेयर होतील हो.

प्रतिसाद १
तीनशे लेयर अजिबात नको, कॅपॅबिलिटीज उघडतानाच रडायला येईल. इमेज मोझॅक वापरा, म्हणजे सगळ्या तारखांच्या फाइली मिळून एकच लेयर.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. तुमचं दुखणं फाइलच्या नावात दिसतंय. तारीख फोल्डरच्या नावात आहे आणि फाइल मात्र रोज स्नो.एनसीच, त्यामुळे नवीन पुट आलं की जुन्या फाइलवरच जाऊन बसतं. शिवाय मोझॅक तारीख फाइलच्या नावातूनच काढतो, तिथे आठ आकडे नसतील तर तो तरी काय करणार.

टूलमध्ये जीडीएएल ट्रान्सलेट (फॉरमॅट बदलणारी कमांड) घाला, रोजचं स्पेसिफिक मास काढून एसडब्ल्यूई_२०१९०४०१ अशा नावाची जिओटिफ (जागेची माहिती असलेली चित्र-फाइल) बनवा, एसडब्ल्यूई म्हणजे बर्फातलं पाणी. मग पहिल्या झिपमध्ये एका टिफबरोबर इंडेक्सर आणि टाइमरेजेक्स या दोन प्रॉपर्टीज (सेटिंगच्या) फाइली टाका, तारीख कुठून घ्यायची ते त्यात असतं, रेजेक्समध्ये फक्त आठ आकड्यांचा पॅटर्न. ती झिप एकदाच पुट करायची. पुढच्या सगळ्या तारखा पोस्टने. पोस्ट म्हणजे त्याच मोझॅकमध्ये नवीन तुकडा जोडणं, पुट म्हणजे स्टोअर नव्याने मांडणं, तुमचं टूल रोज तेच करतंय. आणि कव्हरेजच्या सेटिंगमध्ये टाइम डायमेन्शन चालू करायला विसरू नका, ते आपोआप होत नाही, स्लायडर त्यावरच चालतो.

जाता जाता, ॲडमिनचा मूळचा पासवर्ड बदललाय ना? टूलच्या स्क्रिप्टमध्ये तो उघडा लिहिलेला बऱ्याच ठिकाणी बघितलाय.

धागाकर्ता
पासवर्ड बदललेला आहे :) नावं बदलून पोस्ट केलं, पण आता फाइल सापडत नाही म्हणतोय. पोस्टच्या पत्त्यात शेवटी एक्स्टर्नल डॉट इमेजमोझॅक लिहून त्याला माझ्या लॅपटॉपवरचा पाथ दिलाय, तो चालत नाही का?

प्रतिसाद २
नाही चालणार. एक्स्टर्नल म्हणजे फाइल आधीपासून सर्व्हरच्याच डिस्कवर हवी, पाथही तिथलाच. आधी आरसिंकने (फाइली दुसऱ्या मशीनवर कॉपी करणारं टूल) तिकडे ढकला, नाहीतर एक्स्टर्नलच्या जागी फाइल लिहून झिपच पोस्ट करा. ५० मीटरचा एक दिवस म्हणजे फार मोठी फाइल नाही, मी तरी झिपच पाठवेन.