पोर्तुगीजमध्ये मनापासून आभार मानायचेत, मसुदा बघाल का कोणी?

नमस्कार मंडळी, इथे कोणाला पोर्तुगीज नीट लिहिता येतं का? गोव्यातलं किंवा तिकडे पोर्तुगालला राहणारं कोणी असेल तर फारच बरं.

मी वसईची, आमच्या गावच्या जुन्या जमिनींची माहिती गोळा करतेय. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीजांचा अंमल, त्यामुळे कागद काही पणजीला तर काही लिस्बनच्या तोर्रे दो तोंबोमध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. थोड्या पानांचे फोटो मिळाले पण वाचताच येईनात, अर्धे शब्द तोडून लिहिलेले, 'के' (म्हणजे आपलं 'की') लिहायचं तर नुसता क्यू आणि वर आडवी रेघ, पानभर तेच. आणि लिस्बनच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी, ओळख फक्त मेलवरची हां, आपणहून कळवलं की सगळी पानं पाठव, मी वाचून टाईप करून देतो, पैसे अजिबात नकोत. नमुना म्हणून अर्धं पान वाचूनही पाठवलं आणि त्यात चक्क आमच्या गावाचं नाव निघालं, शेजारी 'बासाईं' म्हणजे वसई! आजीने ते माझ्याकडून परत परत वाचून घेतलं.

ते माझ्यासाठी इंग्लिशमध्ये लिहितात, तर निदान आभार तरी त्यांच्या भाषेत मानावेत असं फार वाटतंय. ट्रान्सलेटरवरून एवढं जमवलंय: "मुइंतु ओब्रिगादा पेला सुआ ओफेर्ता", म्हणजे तुमच्या ऑफरबद्दल खूप आभार. हे दुकानातल्या ऑफरसारखं तर वाचलं जाणार नाही ना? पुढच्या वाक्यांत ट्रान्सलेटरने सगळीकडे 'वोसे' (म्हणजे 'तुम्ही') घातलंय, माणूस सत्तरीच्या पुढचा आहे, चालेल का? आणि पैसे नको म्हणालेत तर काही भेट पाठवू का, की त्यांना अवघडल्यासारखं होईल? प्लीज सांगा, मेल या आठवड्यात जायलाच हवी, उशीर झाला तर त्यांना वाटेल हिला गरजच नाही.

प्रतिसाद:
ताई, ओब्रिगादा बरोबर आहे, लिहिणारी बाई असली की ओब्रिगादा, समोर कोणी का असेना. 'वोसे' मात्र सगळं काढून टाक, ब्राझीलमध्ये ते सर्रास चालतं पण पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना खटकतं, तिथे 'उ सेन्योर' म्हणायचं, आपल्या आदरार्थी 'आपण'सारखं. सुरुवात "एश्तिमादु सेन्योर", म्हणजे आदरणीय महोदय, आणि पुढे त्यांचं नाव. 'ओफेर्ता' चूक नाही पण थोडं कोरडं वाटतं, त्यापेक्षा त्यांनी काय करायची तयारी दाखवली तेच लिही: "आग्रादेसु-ल्ये इमेंसु तेर-से ओफेरेसिदु पारा लेर उश दोकुमेंतुश", म्हणजे कागद वाचून द्यायला आपण स्वतःहून पुढे आलात याबद्दल खूप खूप आभार. मग "फिकु-ल्ये मुइंतु ग्राता", मी आपली फार ऋणी आहे. एवढं पुरे, विशेषणं वाढवत बसू नकोस. त्याऐवजी गावाचं नाव निघालं आणि आजीने परत परत वाचायला लावलं हे दोन ओळींत नक्की लिही, जुने कागद वाचणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं! भेट आत्ता नको, नको म्हटल्यावर लगेच पाठवलं तर हिशोब चुकता केल्यासारखं होतं, काम पूर्ण झालं की गावाचे आत्ताचे फोटो आणि तुझा लेख त्यांचं नाव घालून पाठव, नाव घालायची परवानगी आधी विचार. शेवट "कों उश मेल्योरेश कुंप्रिमेंतुश", आपल्या 'सादर नमस्कार'सारखा, हा नेहमीचा. पूर्ण मसुदा इथेच टाक, रात्री बघून देते.