फुकटच्या विजेचा गॅस? कशाला!

एल्बेकाठचा
काल इथे कुणीतरी लिहिलं: "जर्मनीत 2024 मध्ये 457 तास विजेचा भाव शून्याखाली होता, तरी लेकाचे पवनचक्क्या बंद ठेवतात. त्या विजेचा गॅस करा, रशियाची कटकट मिटली." वर त्याला वाहवा! राहवेना म्हणून वेगळा धागा.

शून्याखालचा भाव, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच वर पैसे, हा घाऊक बाजारातला. हॅम्बुर्गच्या माझ्या घरी बिल व्यवस्थित येतं. गॅस करायचा म्हणजे विजेचा हायड्रोजन, त्याचा मिथेन, तो जाळून पुन्हा वीज, एवढ्या उलाढालीनंतर शंभरातली तीस-पस्तीस युनिटं हाती लागतात. आणि 457 तास म्हणजे वर्षाचे पाच टक्के. एवढ्यासाठी महागडा इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) आणून बाकी वर्षभर त्याची पूजा घालायची? त्यापेक्षा सरळ पाणी तापवा. आमच्याकडे 45 मेगावॅटचा इलेक्ट्रिक बॉयलर 2018 पासून शहराच्या गरम पाण्याच्या जाळ्याला जोडलेला आहे. घातली तेवढी वीज जवळपास सगळी उष्णता होऊन मिळते.

गॅसबत्ती
ती पोस्ट माझी, आणि एक शब्द मागे घेत नाही. भाव पडतो तो बहुतेक वेळा उन्हाळ्यातल्या भर दुपारी. जूनमध्ये हॅम्बुर्गकर रेडिएटर लावून बसतात का? 12 डिसेंबर 2024 आठवा. वारा पडलेला, सूर्य गायब, संध्याकाळी मेगावॅट-तासाला 936 युरो. तुमच्या गरम पाण्यावर त्या दिवशी एक बल्ब तरी लागला असता? गॅस जमिनीखालच्या मिठाच्या गुहांत महिनोन् महिने राहतो. पाइप आहेत, टर्बाइन आहेत.

एल्बेकाठचा
डेन्मार्कच्या वोयन्सला 2 लाख घनमीटर पाण्याचा झाकलेला खड्डा आहे. उन्हाळ्यातली उष्णता हिवाळ्यात वापरतात.

गॅसबत्ती
ती उष्णता उन्हावर तापणाऱ्या पॅनेलची, विजेची नव्हे. आधी वाचा, मग ठोका.

एल्बेकाठचा
पाण्याला काय कळतं कुणी तापवलं ते?

इझारकर
दोघंही मूळ सोडून भांडताय. वारा उत्तरेत, कारखाने दक्षिणेत, मधे तारा अपुऱ्या.

एल्बेकाठचा
त्या तारा अडवल्या कुणी? दक्षिणेतल्या तुमच्या बव्हेरियानेच! मनोरे नकोत म्हणून 2015 मध्ये केबल जमिनीखालून न्यायचं ठरलं, आता सुएडलिंकला, म्हणजे उत्तरेची वीज दक्षिणेत नेणाऱ्या त्या केबलला, 2028 उजाडणार.

इझारकर
मी इथे भाड्याने राहतो हो, माझ्यावर कशाला ओरडता?

कोथरूडची_माई
अवांतर: गरम पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या गच्चीवर सोलर आहे. सकाळी नळ सोडला की दोन बादल्या गार पाणी वाहून गेल्यावर कुठे कोमट येतं. त्यात सोसायटीला बोअरचं पाणी; नळ्यांत क्षार असे बसलेत की प्लंबर हात लावत नाही. कमिटी म्हणते पुढच्या सभेत बघू. शेवटी सगळ्यांच्या बाथरूममध्ये गिझर.

सोलापुरी_चादर
माई, मग तो गिझर दुपारी लावा. स्मार्ट मीटरवाल्यांना 9 ते 5 सवलत आहे. दुपारच्या सौर विजेचं गरम पाणी, संध्याकाळी अंघोळ. एल्बेकाठचे सांगताहेत तेच, बिनखर्चात.

कोथरूडची_माई
दुपारी घरी असतं कोण? आणि सकाळी सातला डब्याची घाई असताना आदल्या दुपारचं पाणी घ्यायचं?

सोलापुरी_चादर
टायमर मिळतो. 25 लिटरचा चांगला गिझर रात्रीपर्यंत पाणी गरम ठेवतो.

कोथरूडची_माई
चार माणसांत 25 लिटर? तुम्ही नहाता की नुसते पाय धुता?

सोलापुरी_चादर
सोलापूरकरांना पाण्याची किंमत शिकवू नका! आमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो ते येऊन बघा एकदा.

एल्बेकाठचा
धागा जर्मनीचा होता, आता बाथरूममध्ये शिरलाय. असो. गॅसबत्ती, पोलादाला आणि खतांना हायड्रोजन लागेल, कबूल. डिसेंबरमधल्या त्या दहाबारा वाईट दिवसांसाठी थोडा साठाही ठेवा. पण घरं तापवायला गॅस नको.

गॅसबत्ती
केवढी मेहरबानी! "थोडा साठा" म्हणे. मी तरी दुसरं काय म्हणत होतो?

एल्बेकाठचा
"रशियाची कटकट मिटली" म्हणत होता.

कोथरूडची_माई
गिझरच्या टायमरची लिंक कुणी देईल का? सोलापूरकर सोडून कुणीही.