काउंटी कौन्सिल, डिस्ट्रिक्ट कौन्सिल, मायनॉरिटी कम्युनिटी : मराठीत नेमकं काय लिहायचं?

टाचणी

एका अंकासाठी इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या स्थानिक कारभारावर लेख लिहितेय. काउंटी कौन्सिल, तिथल्या बाकीच्या छोट्या कौन्सिली आणि तिथे राहणारे अल्पसंख्याक समाज यांचं एकमेकांशी कसं चालतं, हा विषय. माहिती भरपूर आहे, घोडं अडलंय शब्दांवर. काउंटी कौन्सिलला 'जिल्हा परिषद' लिहिलं की पुढच्याच वाक्यात डिस्ट्रिक्ट कौन्सिल येते, आणि डिक्शनरीत बघितलं तर तीही जिल्हा परिषदच! संपादक म्हणतात काउंटीला 'परगणा' करा, पण परगणा म्हटलं की मला देशमुख-देशपांड्यांचे वतनाचे कागद दिसतात. शिवाय 'अल्पसंख्याक' की 'अल्पसंख्यांक', आणि कम्युनिटीला समाज, समुदाय की जमात, हेही सांगा. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा, घाई नाही.

मिडलंड्सकर

परगणा नकोच. मी याच भागात राहतो त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी क्रिकेटवाली काउंटी डोक्यातून काढा, कारण आपल्या वाचकाला काउंटी म्हटलं की तेच आठवतं. मिडलसेक्सचा क्रिकेट क्लब आजही जोरात आहे पण मिडलसेक्स काउंटी कौन्सिल १९६५ सालीच बंद झाली, तो सगळा भाग ग्रेटर लंडन वगैरेत गेला. म्हणजे काउंटी हे जुनं भौगोलिक नाव एक आणि काउंटी कौन्सिल ही १८८८ च्या कायद्याने आलेली निवडून दिलेली संस्था दुसरी, आणि दोघांच्या हद्दी जुळतीलच असं नाही. लेस्टर शहराचंच बघा, नकाशावर लेस्टरशायरच्या बरोबर मधोमध, पण १९९७ पासून शहराची कौन्सिल वेगळी, सगळी कामं तीच करते, काउंटी कौन्सिलचा तिथे काही संबंध नाही. उरलेल्या लेस्टरशायरमध्ये काउंटी कौन्सिल एक आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिली सात. त्यातल्या काही स्वतःला 'बरो' म्हणवतात, तो फक्त मान आहे, कामं तीच.

आता कामं. शाळा, मोठ्यांची आणि मुलांची सामाजिक देखभाल, रस्ते, लायब्ररी, जन्म-मृत्यूची नोंद हे काउंटीकडे. घरं, बांधकाम परवानगी, मतदार यादी, कचरा उचलणं हे डिस्ट्रिक्टकडे. गंमत कचऱ्याची, उचलते डिस्ट्रिक्ट पण त्याची विल्हेवाट लावते काउंटी. आणि जिथे पॅरिश कौन्सिल (गावापुरती छोटी कौन्सिल) आहे तिथे गावाचा हॉल, मैदान, भाजीपाल्याचे भाड्याचे वाफे, कधी दफनभूमी हे पॅरिशकडे.

हे सगळं एका कागदावर बघायचं असेल तर कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचं, बिल हातात घ्या. वर नाव बरोचं, पैसे भरायचे बरोला, पण खाली ओळी बघितल्या तर काउंटी एक ओळ, तिच्यातच मोठ्यांच्या देखभालीची वेगळी ओळ, मग पोलिस, मग अग्निशमन, मग बरो, आणि पॅरिश असेल तर शेवटी पॅरिश. सगळ्यात मोठा आकडा काउंटीचा असतो. नव्याने आलेला माणूस बिलावर बरोचं नाव बघून शाळेच्या प्रवेशाची विचारणाही बरोतच करतो, तिथून त्याला काउंटीकडे पाठवतात. इंग्रजी अडखळत असेल तर अशा दोन फेऱ्यांतच माणूस कंटाळतो. त्यामुळे तुमचा शब्दांचा प्रश्न साधा नाही, लेखात हे दोन थर नीट वेगळे दिसले पाहिजेत.

वऱ्हाडी

मी झेडपीत बरीच वर्षं काढली त्या बाजूने सांगतो. काउंटी कौन्सिलला जिल्हा परिषद म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, प्राथमिक शाळा, रस्ते, आरोग्य त्यांच्याकडे, म्हणजे कामाच्या अंगाने जवळचाच नातेवाईक झाला. पण डिस्ट्रिक्ट कौन्सिलला 'पंचायत समिती' लिहू नका, मोह होईल. पंचायत समिती झेडपीच्या छत्राखाली असते, बीडीओवर झेडपीच्या सीईओंचं नियंत्रण असतं. मिडलंड्सकर, तुमच्याकडे काउंटी डिस्ट्रिक्टला आदेश देऊ शकते का?

मिडलंड्सकर

नाही, अजिबात नाही काका. दोन्ही वेगवेगळ्या निवडून येतात, दोघांत वेगवेगळ्या पक्षांची सत्ताही असू शकते. बोलणी करावी लागतात, करार करावे लागतात, एकत्र समित्या बसवाव्या लागतात. म्हणून 'खालचा थर' हा शब्दही मला खटकतो, क्षेत्र लहान आहे इतकंच.

वऱ्हाडी

मग माझं मत पक्कं. काउंटी कौन्सिल आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल ही नावं देवनागरीत तशीच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एकेका वाक्यात काम सांगा. पॅरिश कौन्सिलला मात्र 'ग्रामपंचायतीसारखी' म्हटलं की लगेच कळेल. कलेक्टर मात्र शोधू नका तिथे, महसूल गोळा करणारा आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा तसा अधिकारी त्या व्यवस्थेत नाही, आणि आपला वाचक 'जिल्हा' वाचला की आपोआप कलेक्टर कचेरी धरून चालतो. जिल्हा परिषद टाळायला हे एक कारण पुरेसं आहे असं आता लिहिता लिहिता वाटतंय.

भाषाप्रेमी

अल्पसंख्याकबद्दल. 'अल्पसंख्यांक' चूक. त्यात 'अंक' नाही, 'संख्या'ला 'क' लागलाय. ज्याची संख्या अल्प तो अल्पसंख्याक. हिंदीत अल्पसंख्यक करतात, संस्कृतात दोन्ही रूपं बसतात, मराठीत अल्पसंख्याक रुळलंय, राज्य शासनाच्या विभागाचं नावही 'अल्पसंख्याक विकास विभाग'. नुसतं 'अल्पसंख्य'ही चालतं, विशेषण म्हणून तर छान चालतं.

पण स्पेलिंगपेक्षा अर्थाची काळजी घ्या. आपल्याकडे अल्पसंख्याक म्हणजे यादीतले. १९९२ चा कायदा, त्याखाली १९९३ ला मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी अधिसूचित झाले, २०१४ ला जैन आले, महाराष्ट्राने २०१६ ला ज्यूंनाही दर्जा दिला. मुख्यतः धर्मावरून, आणि दर्जा मिळालेला. शिवाय घटनेच्या ३० व्या कलमात भाषिक अल्पसंख्याकही आहेत, कर्नाटकातल्या मराठी शाळा आठवा. इंग्लंडमध्ये अशी यादी नाही असं मला वाटतं, मिडलंड्सकर सांगतील.

मिडलंड्सकर

बरोबर. तिथे दर्जा नाही, कर्तव्य आहे, आणि ते कौन्सिलवर आहे. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचं १४९ वं कलम. कोणताही निर्णय घेताना भेदभाव टाळणं, समान संधी वाढवणं आणि लोकांमधले संबंध चांगले ठेवणं या तिन्हींचा यथोचित विचार केला पाहिजे. काउंटीलाही लागू, डिस्ट्रिक्टलाही, पॅरिशलाही. ह्याचं मूळ लंडनमधल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या वंशद्वेषातून झालेल्या खुनात आहे, १९९३ ला झालेला, त्याच्या तपासावरचा मॅकफर्सन अहवाल १९९९ ला आला आणि २००० साली वंशाबाबतचं हे कर्तव्य कायद्यात आलं, नंतर ते धर्म, अपंगत्व वगैरेपर्यंत वाढत गेलं. म्हणजे लायब्ररी बंद करायची असेल तर तिथे कोण येतं, कोणाचं जास्त नुकसान होईल हे बघितल्याचं कौन्सिलला दाखवता यायला हवं, नाही तर निर्णय कोर्टात अडकू शकतो.

आणि जनगणनेत १९९१ पासून वांशिक गटाचा प्रश्न आहे, तिथे माणूस स्वतः सांगेल तो त्याचा गट. पुण्याचा बहुसंख्य माणूस लेस्टरला लागून असलेल्या ओडबीत घर घेतो तेव्हा तिथे अल्पसंख्य होतो. लेखात 'अल्पसंख्याक समाज' लिहिलंत तर वाचकाच्या मनात आपली यादी येणार, म्हणून 'वांशिक अल्पसंख्य' लिहा. इंग्लंडच्या संदर्भात हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

अजून एक, भारताचे नागरिक तिथे कायदेशीर राहत असतील तर कॉमनवेल्थचे म्हणून काउंटीच्या आणि डिस्ट्रिक्टच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. नोंदणी डिस्ट्रिक्टकडे करायची. आपल्या किती मराठी लोकांना हे ठाऊकच नसतं, व्हिसावर आहोत म्हणजे मत नाही असं धरून बसतात. ही ओळ लेखात टाकाच ताई, हात जोडून सांगतो.

निवृत्त_शिक्षिका

थोडा इतिहास घालते, शब्दांचा प्रश्न त्यातूनच सुटेल. १९७२ ला इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरच्या सिटी कौन्सिलने तिथल्या 'युगांडा आर्गस' पेपरात जाहिरात दिली होती, की तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आले ते आलेच. नंतर १९७४ ला कारभाराची फेररचना झाली आणि शिक्षण लेस्टरशायर काउंटी कौन्सिलकडे गेलं, घरं सिटी कौन्सिलकडे राहिली. आता विचार करा, एकाच गुजराती कुटुंबाचं भाड्याचं घर एका कौन्सिलकडे आणि मुलाचा वर्ग दुसऱ्या कौन्सिलकडे, आणि हे १९९७ पर्यंत चाललं.

मुलांना इंग्रजी शिकवायला जादा शिक्षक हवे होते. त्यासाठी पैसा यायचा तो १९६६ च्या स्थानिक शासन कायद्याच्या ११ व्या कलमाखाली. शिक्षक लोक नुसतं 'सेक्शन इलेव्हन' म्हणायचे, त्यावर नेमलेला माणूस तो 'सेक्शन इलेव्हनचा शिक्षक'. केंद्र सरकार पगाराचा मोठा वाटा द्यायचं पण अट अशी की मुलं कॉमनवेल्थमधून आलेल्या कुटुंबांचीच हवीत. व्हिएतनाममधून बोटीने आलेल्या निर्वासितांची मुलं त्याच वर्गात, इंग्रजीची अडचण तीच, पण कागदावर बसत नव्हती. १९९३ ला कायदा बदलून ती अट काढली.

दुसरी गोष्ट सॅक्रे. धर्मशिक्षणावर सल्ला देणारी स्थायी समिती, १९८८ च्या शिक्षण कायद्यापासून प्रत्येक शिक्षण प्राधिकरणाला ती सक्तीची, म्हणजे दोन थर आहेत तिथे ती काउंटीची. इंग्लंडमध्ये चार गट असतात, इतर ख्रिस्ती पंथ आणि बाकीचे धर्म एका गटात, चर्च ऑफ इंग्लंड दुसऱ्यात, शिक्षक संघटना तिसऱ्यात, कौन्सिल चौथ्यात. मत माणशी नाही, गटाला एक. त्यामुळे हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू प्रतिनिधींना मेथडिस्ट, कॅथलिक मंडळींबरोबर बसून आधी आपल्या गटात एकमत करावं लागतं. मला ही रचना मनापासून आवडते. मंदिराच्या कमिटीतला माणूस मशिदीच्या कमिटीतल्या माणसाबरोबर बसून पाचवीच्या मुलाला दिवाळी आणि ईद कशी शिकवायची यावर बोलतो, सही काउंटीची असते पण मजकुरामागे ही बोलणी असतात. हिला 'धर्मशिक्षण सल्लागार समिती' म्हणा. कम्युनिटीला 'समाज' म्हणा, गुजराती समाज, शीख समाज, हे आपल्या बोलण्यातलं आहे. 'समुदाय' सरकारी वाटतो. 'जमात' आपल्याकडे अनुसूचितला चिकटलाय, तो टाळा.

टाचणी

सगळ्यांचे खूप आभार, वांशिक अल्पसंख्य आणि समाज हे दोन्ही घेतले. आता एक अवघड. जिप्सी आणि ट्रॅव्हलर. त्यांच्यावर लेखात मोठा भाग आहे. १९६८ च्या कायद्याने त्यांच्या कॅरॅव्हनसाठी (चाकांवरच्या घरांसाठी) जागा करून द्यायची जबाबदारी काउंटी कौन्सिलवर टाकली, पण बांधकाम परवानगी डिस्ट्रिक्टकडे, आणि जागा ठरली की आजूबाजूचे लोक विरोध करायचे, पॅरिशही हरकत घ्यायची. १९९४ ला ती जबाबदारीच कायद्यातून काढून टाकली. आता किती जागा लागतील हे डिस्ट्रिक्ट आपल्या आराखड्यात मांडते, शाळेचं काउंटीकडे. यांना 'भटके' लिहू का?

वऱ्हाडी

भटके म्हटलं की आपल्याकडे भटके-विमुक्त आठवतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, ३१ ऑगस्ट १९५२ ची मुक्ती, तांडे, पालं, ती आपली स्वतंत्र कहाणी आहे आणि त्या लोकांनी सोसलेलं फार आहे. हद्दीबाहेर पाल टाक म्हणणारं गाव दोन्हीकडे सारखंच दिसतं, हे एका वाक्यात जरूर लिहा. पण शब्द उचलून तिकडे लावू नका.

मिडलंड्सकर

मीही तेच म्हणेन. जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर यांना तिथल्या कोर्टांनी वांशिक गट म्हणून मान्यता दिलीय, १९८८ आणि २००० च्या निकालांत. आणि त्यातले कितीतरी आता पक्क्या घरांत राहतात. भटके लिहिलं तर घरात राहणारा ट्रॅव्हलर ट्रॅव्हलरच नाही असं होतं. नावं तशीच ठेवा.

अजून एक शब्द कौन्सिलच्या कागदात भेटेल, 'हार्ड टू रीच'. ह्याचं 'दुर्गम समाज' असं भाषांतर मी एका पत्रकात वाचलंय, कृपा करून ते करू नका. दुर्गम डोंगर असतो. 'ज्यांच्यापर्यंत कौन्सिल पोचलेली नाही असे लोक' लिहा, लांब झालं तरी चालेल, त्यात न पोचण्याची जबाबदारी जिथली तिथे राहते.

भाषाप्रेमी

फारच चांगलं. प्रीसेप्टला काय करायचं? काउंटी डिस्ट्रिक्टला सांगते की आमच्यासाठी इतके वसूल करा, ती मागणी. 'उपकर' म्हटलं तर आपला झेडपीचा सेस वाटतो.

वऱ्हाडी

'काउंटीचा हिस्सा' पुरे. बिलावरच्या ओळीला हिस्सा शोभतो.

मिडलंड्सकर

हिस्सा चालेल. आणि ताई, लेखात तारीख नक्की घाला. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही दोन थरांची पद्धत संपवायचं ठरवलंय, उरलेल्या २१ काउंटी कौन्सिलींच्या भागात काउंटी-डिस्ट्रिक्ट मोडून एकेकच कौन्सिल ठेवायची, लेस्टरशायर त्यात आलं. हद्दी कुठे आखायच्या ह्यावर तिथे चांगलाच वाद आहे. ओडबीसारखा लेस्टरला अगदी चिकटलेला भाग शहरात जायचा की बाहेर राहायचा, यावर तिथल्या आशियाई मतदारांचं वजनही ठरणार. तुमचा अंक निघेपर्यंत काय झालं असेल ते बघून मगच वर्तमानकाळ वापरा.

टाचणी

घालते तारीख. पहिला मसुदा झाला की सॅक्रेचा आणि ट्रॅव्हलरांचा भाग इथेच टाकते, निवृत्त_शिक्षिका आणि मिडलंड्सकर, तुम्ही दोघांनी नजरेखालून घाला.