घरच्या घरी लॉनमॉवरच्या इंजिनाची सर्व्हिसिंग: रिपेअर मॅन्युअल कुठलं आणि कुठून घ्यावं?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत घेतलेल्या घरासोबत पेट्रोलवर चालणारं, ढकलायचं जुनं लॉनमॉवर मिळालं आहे. इंजिनावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन एवढंच वाचता येतं. गवत वाढायला लागायच्या आत ऑइल, प्लग, एअर फिल्टर आणि जमलं तर कार्बोरेटर साफ करायचा आहे. मॉवरच्या नावाने शोधलं की पातं, चाकं, हँडल यांचं पुस्तक मिळतं आणि इंजिनासाठी ‘इंजिनाचं मॅन्युअल पाहा’ असं एकच वाक्य. ते मॅन्युअल नेमकं कुठलं? फुकट मिळतं की विकत घ्यावं? काही साइट्स डाउनलोडच्या आधी कार्डाचा नंबर मागतात, तिथून परत फिरले.

दहाचा_पाना

परत फिरलात ते उत्तम. कंपनी जे फुकट देते त्यासाठी कोणालाही कार्ड द्यायची गरज नाही.

मॉवर एका कंपनीचं आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचं, हे बहुतेक मॉवरांत असतं. त्यामुळे मॉवरचं नाव बाजूला ठेवा आणि इंजिनावरचे आकडे शोधा. ब्रिग्जमध्ये ते पत्र्यावर ठोकलेले असतात: प्लगच्या वरच्या बाजूला ब्लोअर हाउसिंगवर (इंजिनावरच्या पंख्याचं पत्र्याचं आवरण) किंवा सायलेन्सरच्या उष्णतारोधक पत्र्यावर. गवताचा थर आणि तेलकट माती साचून ते दिसेनासे होतात. चिंधीला थोडं डीग्रीझर लावून पुसा, टॉर्च आडवा धरा, फोटो काढून ठेवा.

आकड्यांचे तीन गट सापडतील: मॉडेल, टाइप, कोड. मॉडेलचे सुरुवातीचे एक-दोन आकडे म्हणजे इंजिनाची क्षमता घन इंचांत. १२ ने सुरू होत असेल तर सुमारे १२ घन इंच, म्हणजे १९० सीसीच्या आसपास. कोडमधले पहिले सहा आकडे म्हणजे इंजिन बनल्याची तारीख: साल, महिना, दिवस.

टाइप नंबर लोक टिपून घेत नाहीत आणि पार्ट मागवताना तिथेच फसतात. एकाच मॉडेलचं इंजिन वेगवेगळ्या मॉवर कंपन्यांना जातं, प्रत्येकाचं पातं वेगळ्या लांबीचं, म्हणून इंजिनाचा वरचा वेगही वेगळा ठरवलेला असतो. अमेरिकेच्या मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाता कामा नये. २१ इंची पात्याला ही मर्यादा सुमारे ३४५० आरपीएमला येते. म्हणून गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) स्प्रिंग टाइपप्रमाणे बदलते. दिसायला सारखी स्प्रिंग लावली तर इंजिन हवं त्यापेक्षा जोरात पळू शकतं.

सुटे_भाग

+१. आता पुस्तकांबद्दल, कारण ‘मॅन्युअल’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

ऑपरेटर्स मॅन्युअल ब्रिग्जच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की फुकट उतरवता येतं. ऑइलचा ग्रेड, प्लगचा गॅप, एअर फिल्टर, किती तासांनी काय करायचं, हे सगळं त्यात आहे. तुमच्या यादीतलं कार्बोरेटर सोडून बाकी काम त्यावर निभतं. सुट्या भागांची सचित्र यादीही फुकट मिळते आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते: कुठला वायसर कुठल्या बाजूला बसतो हे भाग सुटे करून दाखवलेल्या चित्रात दिसतं आणि पार्ट नंबर तिथेच असतो.

रिपेअर मॅन्युअल मात्र विकतचं आहे. फ्लायव्हीलच्या (इंजिनाचं जड चाक) नटाचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा, हेड बोल्ट आवळायचा क्रम, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट), झिजेच्या मर्यादा, हे त्यात मिळतं. एक सिलिंडरच्या ब्रिग्जसाठी दोन पुस्तकं लक्षात ठेवा. एल-हेड, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या जुन्या धाटणीच्या इंजिनासाठी २७०९६२. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी २७२१४७. ओळखायचं कसं: प्लगच्या बाजूला पत्र्याचं झाकण बोल्टने बसवलेलं दिसलं तर ओव्हरहेड व्हॉल्व्ह. नुसतंच पंखांचं सपाट ॲल्युमिनियम हेड आणि कडेने बोल्ट दिसले तर एल-हेड. चुकीचं पुस्तक घेतलं तर पैसे वाया जातात, म्हणून झाकण बघून मगच ऑर्डर द्या.

वाचनालय_सदस्य

विकत घ्यायच्या आधी गावच्या पब्लिक लायब्ररीच्या साइटवर बघा. अनेक लायब्रऱ्या एब्स्को कंपनीचा लहान इंजिनांच्या दुरुस्तीचा डेटाबेस घेतात. त्याचं जुनं नाव स्मॉल इंजिन रिपेअर रेफरन्स सेंटर. लायब्ररी कार्डाचा नंबर टाकून घरूनही उघडतो, हवी ती पानं छापून गॅरेजमध्ये नेता येतात. साइटवर सापडला नाही तर रेफरन्स डेस्कला सरळ विचारा.

इतर कंपन्यांचं थोडक्यात. कोहलर सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच्या साइटवर फुकट देते, तिथे मॉडेलसोबत स्पेक नंबरही लागतो. होंडाचं ओनर्स मॅन्युअल फुकट, शॉप मॅन्युअल विकत. टेकमसेने २००८ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, पण त्यांच्या ३ ते ११ हॉर्सपॉवरच्या एल-हेड इंजिनांचं ६९२५०९ नंबरचं पुस्तक स्कॅन केलेलं सापडतं.

अंगणवेल

खूप आभार. आकडे सापडले. मॉडेल १२६एम०२, कोड १२०४१७ ने सुरू होतो. टाइपचाही फोटो घेतला. प्लगच्या बाजूला झाकण नाही, पंखांचं हेड आहे.

सुटे_भाग

म्हणजे एप्रिल २०१२ चं, १९० सीसीचं एल-हेड. तुमचं पुस्तक २७०९६२. त्यात १२६एम०२ असं नाव शोधू नका. तक्ते मालिकेप्रमाणे आहेत, तुमचं इंजिन १२०००० च्या मालिकेत बघायचं. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी घ्या, फक्त तुमची मालिका तिच्या तक्त्यात आहे ना, ते विक्रेत्याला विचारून घ्या.

व्हॉल्व्ह क्लिअरन्सच्या वाटेला जाऊ नका. एल-हेडमध्ये ॲडजस्टिंग स्क्रू नसतो, व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासून गॅप वाढवावा लागतो. ते मशीन शॉपचं काम.

दहाचा_पाना

पुस्तक हातात आल्यावर एक चूक फार जण करतात. लहान बोल्टचे टॉर्क इंच-पाउंडात दिलेले असतात आणि घरातला टॉर्क रेंच फूट-पाउंडाचा असतो. १२ इंच-पाउंड म्हणजे १ फूट-पाउंड. १४० इंच-पाउंड म्हणजे जेमतेम पावणेबारा फूट-पाउंड. एकक न बघता आवळलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवण्यावाचून उपाय नाही. इंच-पाउंडाचा छोटा रेंच वेगळा घ्या.

टाकीभर

ऑइलचं माझ्याकडून. सगळ्यात आधी पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर कलंडवल्यावर टाकीच्या झाकणातून गळेल. पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर कलंडवल्यावर टाकीच्या झाकणातून गळेल. ब्रिग्ज कलंडवताना प्लगची बाजू वर. होंडाच्या मॉवरमध्ये कार्बोरेटरची बाजू वर असं सांगितलेलं असतं. उलटं केलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जातं, मग सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि कागदी फिल्टर फेकावाच लागतो.

ब्रिग्जच्या ढकलायच्या मॉवरांत ऑइल साधारण १५ ते २० औंस बसतं. आधी १४ औंस ओता, मिनिटभर थांबा, मग थोडं थोडं वाढवा. ४० फॅरनहाइटच्या वरच्या हवेला एसएई ३० योग्य. डिपस्टिक ब्रिग्जमध्ये पूर्ण आवळून, काढून बघायची. होंडा जीसीव्ही १६० मध्ये ती न आवळता नुसती टेकवून बघायची. पद्धत उलटी झाली की पातळी चुकते. दर ५० तासांनी किंवा सीझनला एकदा ऑइल बदला.

प्लगचा गॅपही अंदाजाने ठेवू नका. काही ब्रिग्जला ०.०२० इंच, काहींना ०.०३० इंच. होंडा जीसीव्ही १६० ला ०.७ ते ०.८ मिमी. पुस्तकातला आकडा, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बस.

अंगणवेल

आणि कार्बोरेटर? सुरू होतं, पण आवाज सारखा वर-खाली होतो.

दहाचा_पाना

रेस वर-खाली होणं म्हणजे बहुतेकदा मिश्रण पातळ पडतंय. पेट्रोल कमी पडलं की वेग उतरतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग चढतो, गव्हर्नर परत बंद करतो. लोक गव्हर्नरची स्प्रिंग वाकवून आवाज स्थिर करायला जातात. त्याला हात लावू नका. दोष जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) साचलेल्या चिकट थरात असतो किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून हवा शिरते.

पेट्रोलची नळी चिमट्याने दाबा, खाली डबा धरा, कार्बोरेटरच्या वाटीचा मधला बोल्ट सोडा. ब्रिग्जच्या बऱ्याच कार्बोरेटरांत हा बोल्ट म्हणजेच मुख्य जेट. त्याला एक उभं आणि एक आडवं बारीक भोक असतं, आडवं हमखास बुजतं. कार्बोरेटर क्लीनर फवारा, विजेच्या वायरीची तांब्याची एक तार आरपार घाला. स्टीलची टाचणी किंवा ड्रिल नको, भोक मोठं झालं की जेट निकामी. वाटीच्या तळाचा पांढरा किंवा हिरवट गाळ पुसा, वाटीची गोल रिंग फुगली असेल तर नवी लावा. स्प्रिंगा आणि सळ्या सोडायच्या आधी कुठल्या भोकात काय आहे त्याचे दोन बाजूंनी फोटो घ्या.

टाकीभर

पेट्रोल ताजं भरा, साधं ८७ ऑक्टेन, इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत. ई१५ (१५ टक्के इथेनॉल) लहान इंजिनांत घालायला अमेरिकेत मनाई आहे. महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर पेट्रोल विकत घेतल्या दिवशीच स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं द्रव्य) मिसळा. शिळ्या पेट्रोलात नंतर घालून उपयोग नाही.

बाणेर_बाग

पुण्यातून विचारतो. सोसायटीच्या लॉनसाठी होंडा एचआरजे २१६ आहे. अमेरिकेच्या साइटवर हे नावच सापडत नाही.

सुटे_भाग

मॉवर सोडा, इंजिनाने शोधा. त्यावर जीएक्सव्ही १६० असतं आणि होंडाच्या इंजिन विभागात त्याचं ओनर्स मॅन्युअल मिळतं. जीसीव्ही १६० चं उतरवू नका. नाव जवळचं असलं तरी रचना वेगळी: जीसीव्हीत कॅमशाफ्ट वर असून आत टायमिंग बेल्ट आहे, हेड आणि सिलिंडर एकसंध, त्यामुळे हेड गॅस्केटच नाही. जीएक्सव्हीत पुशरॉड आहेत आणि हेड वेगळं निघतं. पात्याच्या बोल्टचा टॉर्क मात्र इंजिनाच्या पुस्तकात नसतो, त्याला मॉवरचंच पुस्तक लागेल. ते डीलरकडे मॉवरचा फ्रेम नंबर देऊन मागा.

अंगणवेल

मधल्या बोल्टचं आडवं भोक पूर्ण बुजलेलं होतं. तारेने मोकळं केलं, आवाज आता एकसारखा आहे. दोरी ओढताना मात्र मधूनच हाताला उलटा झटका बसतो. हेही कार्बोरेटरचंच?

दहाचा_पाना

नाही. हे फ्लायव्हीलच्या चावीचं (फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर नेमक्या जागी बसवणारा छोटा तुकडा) लक्षण. पातं कधीतरी दगडावर किंवा मुळावर आपटलं की मऊ धातूची ती चावी अर्धवट कापली जाते, फ्लायव्हील थोडं सरकतं आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. आधी पात्याचा बोल्ट सैल नाही ना ते बघा, सैल पात्यानेही असाच झटका बसतो. तो ठीक असेल तर फ्लायव्हील काढून चावी तपासा. खाचेच्या रेषेत केसाएवढी पायरी दिसली तरी नवी घाला, पार्ट नंबर टाइपनुसार यादीतून घ्या, स्टीलची कधीच नको. क्रँकशाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक कोरडं, तेल न लावता बसवा, कारण फ्लायव्हील पकडून ठेवतो तो हा निमुळता भाग आणि नटाचा टॉर्क. चावी फक्त जागा दाखवते. तो टॉर्क २७०९६२ मध्ये तुमच्या मालिकेच्या तक्त्यात आहे. पुस्तक येईपर्यंत नट सोडू नका.