मदत हवी आहे: काटा पाव टाकी दाखवतो आणि गाडी पेट्रोल संपून बंद पडते (२००६ची गाडी)

वाळपईची_मास्तरीण

नमस्कार. गाडी बाबांची, २००६ची, पाच दरवाजांची लहान पेट्रोल गाडी. टाकी ३५ लिटरची. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१मध्ये नोंदणीचं नूतनीकरण केलं, इंजिन अजून चांगलं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एवढ्या वर्षांनी दोष तिच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी बेळगावला निघालो होतो. बाबा ७४ वर्षांचे, गाडी तेच चालवत होते. साखळीला काटा पावाच्या जरा वर होता, म्हणून तिथे भरलं नाही. चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. धुकं होतं, मागून ट्रक येत होते आणि गाडी वळणावरच उभी. दुचाकीवरून जाणाऱ्या एका मुलाने खाली जाऊन पत्र्याच्या डब्यातून पाच लिटर आणून दिलं. ते ओतलं आणि गाडी लगेच सुरू झाली. म्हणजे टाकी खरोखर कोरडी होती. काटा मात्र तेव्हाही पावापाशीच होता आणि रिझर्व्हचा दिवा पेटलाच नव्हता.

तेव्हापासून बाबा घाटात गाडी घालायला तयार नाहीत. आईची पुढची तारीख जवळ आली आहे, म्हणून घाई आहे.

गावातल्या गॅरेजमध्ये दाखवलं. ते म्हणाले, डॅशबोर्डचं पूर्ण मीटर बदला. जुनं मीटर शोधून बसवायचा खर्च मोठा आहे, आणि त्यानेच बरं होईल याची खात्री ते देत नाहीत. त्याआधी काय तपासावं? माझ्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो.

घाटवाट

ताई, सगळ्यात आधी एक काम. उपाय सापडेपर्यंत काट्याकडे बघूच नका. टाकी पूर्ण भरा, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा आणि ट्रिप मीटर शून्य करा. तुमची गाडी लिटरला १४ देत असेल तर ३०० किलोमीटर झाले की परत भरा. इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारी टाकीतली मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि पेट्रोलनेच थंड राहते. वरचेवर कोरडी चालवलीत तर काट्याआधी तीच जाईल.

मांडवीकाठ

मीटर बदलू नका. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. नव्वद टक्के वेळा अर्थची तार गंजलेली असते. मागची सीट उचला, टाकीवरचा कनेक्टर काढा, हिरवं साचलं असेल तर साफ करा. माझ्या जुन्या गाडीचा काटा एवढ्यावर ठीक झाला.

तारजोड

कनेक्टर साफ करायला हरकत नाही, पण या गाडीत अर्थवर माझा संशय नाही. कारण सांगतो.

टाकीत दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, असतो. पेट्रोल कमी-जास्त झालं की दांडी खाली-वर होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची पत्ती रेझिस्टन्सच्या (विजेला अडवणाऱ्या) पट्टीवर सरकते. बऱ्याच जपानी बांधणीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स अगदी कमी, चार-पाच ओहम, आणि रिकामी असताना शंभरच्या वर. अर्थ खराब झाली की त्यात आणखी रेझिस्टन्सची भर पडते, म्हणजे काटा आहे त्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. ताईंचा काटा जास्त दाखवतो आहे. दिशा उलटी आहे.

ताई, इग्निशन चालू ठेवून फक्त टाकीवरचा कनेक्टर काढा. काटा पूर्ण खाली गेला तर मीटर आणि तिथपर्यंतची वायरिंग बहुतेक चांगली आहे, आणि तुमच्या गाडीत मी म्हणतो तीच पद्धत आहे हेही कळेल. दोन टोकं तारेने थेट जोडून बघू नका, काही मीटरना ते सोसत नाही. आणखी एक, तापमानाचा काटा बरोबर चालतो का? दोन्ही काटे एकदम चुकत असतील तर मीटरला मिळणारा व्होल्टेज तपासावा लागतो.

सुक्या_मासळीचा_बाजार

हे इथेनॉलमुळे आहे. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळायला लागल्यापासून जुन्या गाड्यांचं सगळंच बिघडलं आहे. आमच्या गाडीचं मायलेज पडलं.

तारजोड

मायलेज पडतं हे खरं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के फरक येऊ शकतो. जुन्या रबरी वस्तूंचीही काळजी घ्यायला हवी. पण टाकीत दहा लिटर असेल तर फ्लोटला ते दहा लिटरच दिसायला हवं, त्यात इथेनॉल किती आहे याने काटा पाव टाकी चुकत नाही.

वाळपईची_मास्तरीण

सगळ्यांचे आभार. आज शाळा सुटल्यावर करून पाहिलं. कनेक्टर स्वच्छ होता, थोडी धूळ तेवढी. तो काढल्यावर काटा पूर्ण खाली गेला. तापमानाचा काटा ठीक आहे.

आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बाबा गाडी घेतल्यापासून एका वहीत प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल लिहितात: तारीख, किलोमीटर, लिटर, आणि भरण्याआधी काटा कुठे होता ते. ती सवय मला कधीच नीट समजली नव्हती. काल रात्री आम्ही दोघं ती वही घेऊन बसलो. जुन्या पानांवर, काटा अर्ध्यावर असताना टाकी फुल्ल केली की १६ ते १८ लिटर बसतं, वर्षानुवर्षं तेच. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर तोच अर्धा काटा आणि २३ ते २४ लिटर. मधे एकही नोंद २० किंवा २१ची नाही. बाबांना वाटलं होतं पंपावर माप कमी देतात, म्हणून त्यांनी दोन वेगळ्या पंपांवर पाच लिटरच्या मापाने तपासून घेतलं होतं. दोन्हीकडे बरोबर निघालं, तेही वहीत आहे.

तारजोड

ताई, तुमच्या बाबांनी निम्मं निदान करून ठेवलं आहे. झिजलेली वस्तू हळूहळू चुकत जाते. इथे एका झटक्यात सहा लिटरचा फरक पडला आणि नंतर तेवढाच राहिला. त्या पावसाळ्यात टाकीला कुणी हात लावला होता का?

वाळपईची_मास्तरीण

हो. टाकीतली मोटर बदलली होती. वहीत त्याचंही पान आहे.

तारजोड

मग मोटर आत घालताना दांडी टाकीच्या तोंडाला अडकून वाकली असणार. फ्लोटचं टोक खाली वाकलं की तो आधीच टाकीच्या तळाला टेकतो आणि पत्ती रिकामीच्या खुणेपर्यंत पोचतच नाही. म्हणून टाकी कोरडी आणि काटा पावावर. एक विचारतो, टाकी भरल्यावर काटा फुल्लच्या पलीकडे बराच वेळ चिकटून राहतो का?

वाळपईची_मास्तरीण

हो! शंभरएक किलोमीटर हलतच नाही. आम्हाला वाटायचं मायलेज चांगलं मिळतंय.

घाटवाट

उघडणार असाल तर कृपा करून घाई करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. बंद गॅरेजमध्ये हे काम करायचं नाही, अंगणात करा, आणि जवळपास देवाची समईसुद्धा नको. टाकीत पेट्रोल कमी असताना करा. मोटरचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. टाकीच्या तोंडावरची रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका, लाकडाचा ठोकळा वापरा. रबरी रिंग नवीनच घाला, जुनी परत बसवली की गाडीत वास येतो. आणि ओळखीचा जाणता मेकॅनिक शेजारी असू द्या.

वाळपईची_मास्तरीण

रविवारी केलं. डिचोलीहून बाबांच्या ओळखीचे एक मेकॅनिक आले होते, उघडायचं काम त्यांनीच केलं. सगळा भाग बाहेर काढून अंगणातल्या टेबलावर उभा ठेवला आणि फ्लोट हळूच खाली सोडला. दांडी तिच्या खालच्या अडणीपर्यंत जायच्या आधीच फ्लोट टेबलाला टेकला! दांडीला मधोमध स्पष्ट बाक होता. भाग कडेला धरून दांडी हाताने पूर्ण वर-खाली केली तर मल्टिमीटरवर ४ पासून ११२ ओहमपर्यंत आकडा सलग सरकत गेला, कुठेही तुटला नाही. म्हणजे पट्टी चांगली आहे. मेकॅनिकनी दांडी पकडीत धरून थोडी थोडी सरळ केली, प्रत्येक वेळी टेबलावर ठेवून पाहिलं. नवी रबरी रिंग घालून बंद केलं. खर्च रिंगचा आणि त्यांच्या मजुरीचा. मीटरला हातही लावावा लागला नाही.

नंतर पत्र्याच्या डब्याने पाच-पाच लिटर घालत गेलो आणि दर वेळी काटा कुठे आला ते बाबांनी वहीत लिहिलं. अर्धी टाकी आता अर्ध्यावर येते.

तारजोड, तुम्ही दिशेचा मुद्दा काढला नसता तर मी अर्थच्या तारेतच अडकून राहिले असते. देव बरें करूं.

एक गोष्ट राहिली आहे. रिझर्व्हचा दिवा अजूनही लागत नाही. इग्निशन चालू केल्यावर इतर दिव्यांबरोबर तो क्षणभर पेटतो, म्हणजे बल्ब ठीक असावा. त्याचं काय तपासू?

तारजोड

तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत तो दिवा काट्यावर चालत नाही. त्याच भागाच्या तळाशी एक वेगळा लहान सेन्सर असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तोवर थंड राहतो, उघडा पडला की स्वतःच्या करंटने तापतो, त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि दिवा लागतो. पेट्रोल संपत येईल तेव्हा कनेक्टरवर त्याची पिन शोधून मोजा, आकडे इथे टाका. तोवर बेळगावला जाताना साखळीला टाकी भरून घ्या.

वाळपईची_मास्तरीण

गुरुवारी जातो आहोत. गाडी बाबाच चालवणार आहेत. पिनचे आकडे परत आल्यावर टाकते.